जानेवारी आणि जुलैची सही : सार्वजनिक इमारतींतली अग्निसुरक्षा तपासायला शिकणाऱ्यांसाठी

मी या कामाला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात गेलो होतो. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर आग विझवायचं सहा किलोचं पावडरचं सिलिंडर भिंतीला टांगलेलं. गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात, पिन जागेवर, सील शाबूत, कार्डावरची तारीख ताजी. मी वहीत 'ठीक' लिहिलं. सोबतचे उस्ताद म्हणाले, "खाली काढ. उलटं धर. कान लाव."

उलटं केल्यावर आतली पावडर वाळू घसरावी तशी सरकल्याचा आवाज यायला हवा होता. काहीच आलं नाही. पुन्हा सरळ केलं, पुन्हा उलटं केलं, बुडावर रबरी हातोडीच्या दोन थापा मारल्या. तरी नाही. आत पावडरीचा गोळा बसला होता. खटका दाबला असता तर नुसता वायू फुस्स करून निघून गेला असता. त्या दिवशी वॉर्डात नऊ बाळंतिणी होत्या आणि कार्डावर माझ्या आधी तीन जणांच्या सह्या होत्या.

हे काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी ही गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. बिघडलेलं यंत्र बिघडलेलं म्हणून दिसलं तर माणसं दुसरी सोय बघतात. पण सही असलेल्या यंत्रावर ती विसंबून राहतात. म्हणून पुढे जे काही लिहिलं आहे ते एकाच नेमावर उभं आहे : जे स्वतः चालवून पाहिलं त्यावरच सही करायची.

सही कुणाची चालते

नव्या माणसाचा इथेच गोंधळ होतो. महाराष्ट्रात हे सगळं 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' आणि त्याखालच्या २००९ च्या नियमांनुसार चालतं. कलम ३ प्रमाणे इमारतीत यंत्रणा बसवणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र त्यानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करायचं असतं. यालाच सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचं प्रमाणपत्र देतात तो 'फॉर्म ए'.

हे दोन्ही फॉर्म फक्त परवानाधारक संस्था देऊ शकते, आणि तो परवाना राज्याच्या अग्निशमन सेवेचे संचालक देतात. म्हणजे एखाद्याकडे डिप्लोमा आहे, दहा वर्षांचा अनुभव आहे, कार्डावर 'फायर ऑडिटर' छापलेलं आहे, पण परवाना नाही, तर त्याच्या सहीला फॉर्म बीवर किंमत नाही. अग्निशमन दलाचा अधिकारी हा वेगळा माणूस. तो तपासणी करतो, नोटीस देतो, वेळ पडली तर वीज-पाणी तोडायला लावतो, इमारत रिकामी करायला लावतो. आपण त्याचे प्रतिनिधी नाही, हे इमारतीत शिरताना स्वतःलाही आठवून द्यावं आणि समोरच्यालाही सांगावं.

कलम १० दोनदा वाचा. प्रत्यक्षात यंत्रणा नियमाप्रमाणे नसताना किंवा तिची देखभाल झालेली नसताना परवानाधारकानं प्रमाणपत्र देऊ नये, असं ते स्पष्ट सांगतं. उद्या काही घडलं तर पहिला प्रश्न मालकाला विचारतील आणि दुसरा तुम्हाला.

कागद कुणाकडे जाणार हेही आधीच ठरवून घ्या. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, जालना इथे महापालिकेचं अग्निशमन दल. एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन खातं. इमारत हद्दीच्या कडेला असेल तर चौकशी करूनच पुढे जा. चुकीच्या टेबलावर पडलेला फॉर्म महिनोन्‌महिने तिथेच पडून राहतो.

शिकायचं कुठे

नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, केंद्र सरकारचं. सब-ऑफिसरचा अभ्यासक्रम आणि फायर इंजिनिअरिंगची पदवी दोन्ही तिथे होतात. मुंबईत सांताक्रूझला, कालिन्याच्या बाजूला, राज्याच्या अग्निशमन सेवेची अकादमी आहे. याशिवाय गल्लोगल्ली खासगी संस्था आहेत. त्यांतल्या काही मनापासून शिकवतात. पण आपल्याकडच्या दहावी-बारावी झालेल्या पोरांना 'शंभर टक्के सरकारी नोकरी' म्हणून फी भरायला लावणाऱ्याही आहेत. शेत विकून, सोनं गहाण ठेवून फी भरलेली पोरं मी पाहिली आहेत. फी भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा : या अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची आहे, आणि राज्याच्या अग्निशमन सेवेचं संचालनालय परवान्यासाठी किंवा दल भरतीसाठी तो धरतं का. उत्तर लेखी मागा. लेखी देत नसतील तर उठून या.

आयटीआयचा फिटर किंवा वायरमन झालेला असेल तर त्याचा हात या कामात लवकर बसतो. पंप, व्हॉल्व्ह आणि वायरिंग यांची भीती गेलेली असते. कुठलंही शिक्षण घ्या, पण नंतर एक-दोन वर्षं एखाद्या परवानाधारक संस्थेत काढा, आणि त्यातले पहिले काही महिने रिफिलिंगच्या शेडमध्ये घालवा. सिलिंडर आतून कसं दिसतं, ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) कुठे बसते, वॉशर फाटला की काय होतं, हे ज्यानं उघडून पाहिलं आहे त्याला बाहेरून तपासताना काय शोधायचं ते कळतं.

वाचायचं फार नाही, पण जे आहे ते नीट वाचा. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ४. सिलिंडरसाठी आयएस २१९० आणि आयएस १५६८३. इमारतीतल्या हायड्रंटसाठी, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या नळांसाठी, आयएस ३८४४. आग ओळखणाऱ्या यंत्रणेसाठी आयएस २१८९. भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवर ही मानकं मोफत मिळतात. मानक उतरवून घेताना सुधारित आवृत्ती आली आहे का ते बघा. जुनी झेरॉक्स घेऊन फिरणारे बरेच भेटतात.

निघण्याआधी

पिशवी जड नको. विजेरी, पंधरा मीटरचा टेप, टांगायचा वजनकाटा, रबरी हातोडी, प्रेशर गेज आणि ते लँडिंग व्हॉल्व्हला (मजल्यावरच्या हायड्रंटच्या तोंडाला) जोडायचा अडॅप्टर, धूर-चाचणीचा स्प्रे, कॉल पॉइंटच्या (अलार्म हातानं वाजवायच्या भिंतीवरच्या डब्यांच्या) किल्ल्या, नवी सीलं, खडू. मे महिन्यात निघत असाल तर पाण्याच्या दोन बाटल्या. गच्चीवरचं काम सकाळी दहाच्या आत उरका. नांदेड-परभणीकडे दुपारी लोखंडी व्हॉल्व्हला हात लावता येत नाही.

इमारतीचा मंजूर नकाशा, जुनं ना-हरकत प्रमाणपत्र आणि मागचा फॉर्म बी आदल्या दिवशीच मागवून घ्या. इमारत कुठल्या गटात मोडते ते बघा. संहितेत शाळा-महाविद्यालयं 'बी' गटात, दवाखाने 'सी'त, नाट्यगृह आणि मंगल कार्यालयं 'डी'त, कार्यालयं 'ई'त येतात. गट बदलला की अपेक्षा बदलतात. आपल्याकडे एकाच सरकारी इमारतीत खाली बँक, वर कार्यालय आणि सगळ्यात वर मुलांचं ग्रंथालय असं सर्रास असतं. कागदावर मात्र एकच नाव.

पाणी आधी बघा

बाहेरची माणसं आधी सिलिंडर मोजत सुटतात. मराठवाड्यात काम करणाऱ्यानं आधी टाकीचं झाकण उघडावं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. जिथे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे भरलेली टाकी बघून लोकांना आग आठवत नाही, तहान आठवते.

एका शाळेत मी झाकण उघडलं तर आत बोअरची छोटी मोटर सोडलेली आणि पाणी तळाला. शिपाई मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "आठ दिसाला एकदा नळ येतोय सायेब. टाकीत पानी असतंय अन् लेकरं तहानलेली. मग काय करावं?" या प्रश्नाला रागावून उत्तर देऊ नका. ते खरंच बोलत असतात.

तुम्ही मोजा. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि हजारानं गुणा, की लिटर निघतात. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद टाकीत अडीच मीटर पाणी असेल तर ते ५०,००० लिटर. त्या दिवशी तिथे पाणी होतं साठ सेंटिमीटर, म्हणजे १२,००० लिटर. पंपाच्या पाटीवर मिनिटाला २,२८० लिटर लिहिलेलं. भागाकार मामांसमोरच केला : पंप पूर्ण जोरानं चालला तर पाच मिनिटांत टाकी कोरडी. भरलेली असती तर बावीस मिनिटांच्या आसपास. मुख्याध्यापिका मॅडमना बोलावून तोच हिशेब पुन्हा दाखवला. त्यांनी तो स्वतःच्या डायरीत उतरवून घेतला.

उपाय अहवालात स्पष्ट लिहा. बाहेरून येणारं पाणी आधी आगीच्या टाकीत पडावं आणि ती भरल्यावर ओसंडून वापराच्या टाकीत जावं, अशी जोडणी असली की आगीचं पाणी शिळं होत नाही आणि राखीवही राहतं. टाकी एकच असेल तर वापराच्या मोटरचा पाइप इतका वर घ्यायचा की राखीव पातळीखालचं पाणी तिला ओढताच येऊ नये. नुसतं 'टाकीत पाणी कमी' असं लिहिलं तर टँकर मागवतात, तपासणीपुरती टाकी भरतात आणि पुढच्या महिन्यात परत तेच.

मग पंपघर. पॅनेलवरचा स्विच 'ऑटो'वर आहे का, हे आधी बघा. निम्म्या ठिकाणी तो 'ऑफ'वर सापडतो, कारण कुठेतरी गळती असते, जॉकी पंप (पाइपांतला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा सुरू होतो आणि वॉचमनची झोप मोडते. गळती शोधायची सोडून स्विच बंद होतो. चाचणी अशी करा : एक माणूस पंपघरात, एक गच्चीवरच्या किंवा सगळ्यात लांबच्या हायड्रंटपाशी, दोघांकडे फोन. वरच्यानं व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. दाब थोडा उतरला की जॉकी सुरू व्हायला हवा, आणखी उतरला की मेन पंप. मग मेनची वीज बंद करा, आता डिझेल पंपानं काम हातात घ्यायला हवं. पाणी वाहत असताना वरच्या गेजवर किमान चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब दिसला पाहिजे. मेन पंप एकदा सुरू झाला की आपोआप बंद होऊ नये. तो हातानंच बंद करायचा असतो.

डिझेल पंपाची बॅटरी आणि डिझेल, दोन्ही डोळ्यांनी बघा. एका ठिकाणी बॅटरीच्या जागी फक्त दोन वायरी लोंबत होत्या. विचारल्यावर कळलं की बॅटरी चार्जिंगला नेलेली आहे, गेल्या दिवाळीपासून.

होज बॉक्स उघडा आणि होज पूर्ण उलगडा. ६३ मिलिमीटरचा, पंधरा मीटर लांबीचा पाइप असतो. घडीवर तडे, उंदरांनी कुरतडलेल्या कडा आणि बुरशी बॉक्स बंद असताना दिसत नाही. पितळी ब्रँच पाइप (होजच्या टोकाला लावायची पाणी फेकायची नळी) जागेवर आहे का तेही बघा. भंगारात त्याला भाव मिळतो, म्हणून तो चोरीला जातो. पाइप व्हॉल्व्हला स्वतः जोडा. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या कपलिंगची दातं जुळत नाहीत असं मी अनेकदा पाहिलं आहे. बाहेर रस्त्याच्या बाजूला दलाच्या गाडीसाठी पाणी आत सोडायचं तोंड असतं. त्याची टोपणं जागेवर आहेत का बघा आणि आत बोट घालून बघा. गुटख्याच्या पुड्या निघतात.

सिलिंडर

प्रत्येक सिलिंडरला नंबर द्या आणि नकाशावर तोच नंबर लिहा. हे केल्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही, कारण लाल सिलिंडर सगळी सारखीच दिसतात आणि तपासणीच्या दिवशी शेजारच्या मजल्यावरून उसनी आणलेली असू शकतात.

पावडरचं सिलिंडर : गेज बघा, पण त्यावर थांबू नका. काचेवर टिचकी मारा, अडकलेला काटा हलतो. उलटं करून ऐका. नळीच्या तोंडात बघा, गांधीलमाशी तिथे मातीचं घर करते. खालची कडा विजेरीनं बघा. फरशी पुसताना पाणी लागून गंज तिथूनच सुरू होतो. अंगावर ठोकलेलं बनावटीचं साल आणि शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबानं सिलिंडर तपासण्याची) तारीख उतरवून घ्या. पावडरच्या सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात, सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायूच्या सिलिंडरचं) पंधरा. नवा रंग मारलेला असेल तर ठोकलेले आकडे बोटानं चाचपडून वाचा. रंगाखाली जुनं साल लपवलेलं असतं.

सीओटूला गेज नसतं, म्हणून नवशिका माणूस ते नुसतं बघून पुढे जातो. त्याचं वजन करायचं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच ठोकलेलं असतं. समजा तिथे ११.२ किलो लिहिलं आहे आणि भरती साडेचार किलोची, तर काट्यावर १५.७ यायला हवं. आलं १४.९, म्हणजे ८०० ग्रॅम वायू गेला. दहा टक्क्यांपर्यंतची घट, इथे साडेचारशे ग्रॅम, हीच मर्यादा. हे सिलिंडर भरायला पाठवायचं. वजन करताना हॉर्न (वायू बाहेर पडायचं भोंग्यासारखं तोंड) आणि नळी काट्याच्या बाहेर धरली आहे की आत, ते दर वेळी एकसारखं ठेवा.

कुठलं सिलिंडर कुठे आहे तेही तपासणीतच येतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असतात आणि दाराशी टांगलेलं असतं एक सीओटू. कागदाच्या आगीवर ते मारलं तर ज्वाळा बसल्यासारखी वाटते, पण आतली धग तशीच राहते आणि थोड्या वेळानं पुन्हा पेट घेते. तिथे पाण्याचं किंवा एबीसी पावडरचं (कागद-लाकूड, तेल आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणारं) हवं. उलट विजेच्या पॅनेलजवळ पाण्याचं टांगलेलं दिसलं तर ते त्याच क्षणी हलवा, अहवालाची वाट बघू नका. सिलिंडरपर्यंत कुठल्याही कोपऱ्यातून पंधरा मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. हे अंतर भिंतीतून सरळ मोजायचं नाही. माणूस ज्या वाटेनं पळेल त्या वाटेनं टेप टाका.

आणखी एक. जी संस्था सिलिंडर भरून देते तीच तपासणीही करते, असं आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असतं. त्यामुळे चांगलं सिलिंडर 'भरायला द्या' म्हणण्याचा मोह होतो. तसं करू नका. ग्रामीण शाळेला मिळणारा खर्च किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. पाच चांगली सिलिंडर विनाकारण भरायला लावली तर सहावं, खरंच बिघडलेलं, तसंच राहून जातं.

अलार्म

पॅनेलवर 'फॉल्ट'चा दिवा लागलेला आणि बझर दाबून गप्प केलेला, हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की लोकांना तो दिवा लागलेलाच असतो असं वाटतं. फॉल्ट कुठल्या झोनचा, म्हणजे इमारतीच्या कुठल्या भागाचा, ते शोधा. वीज बंद करून पॅनेल बॅटरीवर चालतंय का बघा. प्रत्येक झोनमधला निदान एक डिटेक्टर धूर-चाचणीच्या स्प्रेनं तपासा. विडी किंवा उदबत्तीचा धूर नको, त्याचा चिकट थर आत बसतो. रंगकाम झालेल्या इमारतीत डिटेक्टरवरची प्लॅस्टिकची टोपी काढायची राहून गेलेली असते. एका नव्या सभागृहात मला छतावर अशा बावीस टोप्या मोजता आल्या होत्या, उद्घाटनाला वर्ष होऊन गेलं होतं. आपल्याकडच्या धुळीनं डिटेक्टर खोटे वाजतात, वैतागून कुणीतरी पूर्ण पॅनेल बंद करतं. म्हणून वेळोवेळी सफाई करायची अट देखभालीच्या करारात घाला, असं अहवालात सुचवा.

हूटर (अलार्मचा भोंगा) वाजवताना आधी सगळ्यांना सांगा. दवाखान्यात तर वॉर्डावॉर्डात जाऊन सांगा. नंतर सगळ्यात लांबच्या खोलीत, दार लावून, आवाज ऐकू येतो का ते स्वतः ऐका.

जिने आणि दारं

इथे यंत्र काहीच नाही, म्हणून हा भाग लवकर उरकला जातो. बाहेर पडायचं दार उघडून बघा. कुलूप असेल तर किल्ली मागा आणि घड्याळ लावा. 'किल्ली मामांकडे, मामा जेवायला गेले' असं उत्तर आलं तर जितकी मिनिटं लागली तितकी अहवालात लिहा. चोरी आणि मोकाट कुत्री ही कुलपाची खरी कारणं असतात. त्यावर आतून ढकलताच उघडणारा आणि बाहेरून न उघडणारा पॅनिक बार मिळतो, त्याचं नाव सुचवा.

जिन्याची रुंदी टेपनं मोजा, कठड्याच्या आतून. दवाखान्यात दोन मीटर, शाळेत दीड मीटर. जिन्याखाली मोडकी बाकडी, जुन्या नस्त्या, निवडणुकीच्या पेट्या, थर्माकोल, काय काय असतं. फोटो काढा. बाहेर जाणारं दार बाहेरच्या बाजूलाच उघडायला हवं. गर्दी आतून रेटली की आत उघडणारं दार उघडता येत नाही.

दवाखान्यात रात्री जा

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला रात्री आग लागली. दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. भंडाऱ्याच्या बातम्या आल्या त्या आठवड्यात आम्ही ज्या ज्या दवाखान्यात गेलो तिथल्या सिस्टर आमच्यामागे वॉर्डभर फिरत होत्या, प्रत्येक वस्तूला हात लावून 'हे कसं चालवायचं' विचारत होत्या.

दिवसा दवाखान्यात इंजिनिअर असतो, वायरमन असतो, साहेब असतात. रात्री दोनला दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय असतो. म्हणून जमेल तिथे एक फेरी रात्री करा आणि ड्युटीवरच्या सिस्टरना तीन गोष्टी विचारा. या वॉर्डाचा ऑक्सिजन बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे, आणि तो बंद करायचा निर्णय कुणी घ्यायचा? हे सिलिंडर तुम्हाला उचलता येतं का, उचलून दाखवा. पेशंट कुठल्या दारानं न्यायचे? ऑक्सिजनच्या वॉर्डात हवेतच तो जास्त असतो. चादरी, पडदे, गाद्या एरवीपेक्षा फार लवकर पेटतात, म्हणून पहिली दोन मिनिटं त्या सिस्टरच्याच हातात असतात. बारीक अंगाच्या एका सिस्टरना नऊ किलोचं सिलिंडर हुकवरून निघेना. अहवालात आम्ही तिथे चार किलोची दोन सुचवली.

वायरिंग आणि लोडची तपासणी हे विद्युत निरीक्षकांचं काम आहे, ते आपल्या सहीखाली घेऊ नका. पण काळवंडलेला सॉकेट किंवा एकाच बोर्डावर तीन वॉर्मर (बाळांना ऊब देणारी यंत्रं) दिसले तर लिहा.

अहवाल आणि सही

मी अहवालात प्रत्येक वस्तूपुढे तीनपैकी एकच शेरा लिहितो : 'चालवून पाहिलं', 'फक्त पाहिलं', 'पाहता आलं नाही'. तिसऱ्या शेऱ्यापुढे कारण. फॉर्म बी भरताना फक्त पहिल्या शेऱ्याच्या वस्तू मोजायच्या. हे लावून घेतलं की आपोआप कळतं की किती गोष्टींवर आपण सवयीनं सही करणार होतो.

दोष निघाले तर आधी दोषांची यादी द्या, मुदत ठरवा, दुरुस्ती झाल्यावर पुन्हा जाऊन चालवून बघा, मगच फॉर्म बी. "बिल मार्चच्या आत काढायचंय, आज फॉर्म द्या, काम नंतर करून घेऊ" असं ऐकावंच लागेल. बोलणारा माणूस वाईट नसतो, त्याच्यावर वरून ताण असतो. त्याला सांगा की दोषांची यादी आज, याच क्षणी, लेटरहेडवर देतो. तिच्या आधारे तुम्हाला निधी मागता येईल. बऱ्याच कार्यालयांना अशा कागदाची गरजच असते, तो कुणी देत नाही म्हणून दुरुस्ती अडलेली असते. दोनदा मला काम गमवावं लागलं आहे. एका ठिकाणी दुसऱ्याच कुणीतरी दोन दिवसांत फॉर्म दिला. तरी माझी दोषांची यादी त्यांच्या आवक नोंदवहीत नंबरासह आहे. नंबर घेतल्याशिवाय परत येऊ नका.

पुढे स्वतःचा परवाना काढायचा असेल तर संचालनालयाच्या संकेतस्थळावर त्या वेळी लागू असलेली पात्रता आणि कागदपत्रं बघून अर्ज करा. परवान्याला मुदत असते, ती संपायच्या आधी नूतनीकरणाला टाका. प्रत्येक इमारतीची वेगळी फाइल ठेवा. जानेवारीतलं सिलिंडर क्रमांक १४ जुलैत कुठे होतं, त्याचं वजन किती भरलं, हे एका पानावर शेजारी शेजारी दिसलं पाहिजे. सहा महिन्यांत दोनशे ग्रॅम उतरलेलं सीओटू मर्यादेत असतं, पण त्याचा व्हॉल्व्ह गळतोय हे दोन आकडे एकत्र पाहिल्यावरच कळतं.

इमारतीतून निघताना एक शेवटची फेरी मारा. चाचणीसाठी तुम्ही स्वतःच बऱ्याच गोष्टी बंद केलेल्या असतात : मेनची वीज, हूटर, एखादा झोन. उघडलेले व्हॉल्व्ह बंद झाले का, होज घडी करून आत गेला का, टाकीचं झाकण नीट बसलं का, कारण शाळेत लेकरं असतात. मग पंपघरात जा, स्विच 'ऑटो'वर आणा आणि त्याचा वेळेसकट फोटो काढून वॉचमनच्या फोनवरही पाठवा.